मुख्यालयी राहणारे कदम सर

परवा जुने कागद शोधताना फायलीत एका ठरावाची झेरॉक्स सापडली. बोरखेडीच्या ग्रामसभेचा ठराव. "खालील शिक्षक कर्मचारी मुख्यालयी सहकुटुंब वास्तव्यास असून त्यांच्याबाबत ग्रामस्थांची कोणतीही तक्रार नाही." खाली आम्हा आठ जणांची नावं, आणि पहिलंच नाव मुंजाजी ग्यानबा कदम. आठांपैकी एकही जण त्या गावात राहत नव्हता. हे ठराव लिहिणाऱ्याला माहीत होतं, त्यावर अंगठा उठवणाऱ्यांना माहीत होतं, आणि ज्या ऑफिसात तो जाणार होता तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ठराव मात्र एकमताने मंजूर होता. तो कागद हातात धरून मी बराच वेळ एकटाच हसत बसलो, आणि मग कदम सरांची इतकी आठवण आली की जो कागद शोधत होतो तो राहूनच गेला.

या भानगडीत न पडलेल्यांसाठी थोडं सांगतो. सरकारी शाळेच्या मास्तराने शाळेच्या गावातच राहावं असा नियम आहे. त्याला मुख्यालयी राहणं म्हणतात. मास्तर राहतो की नाही हे गावाने ठराव करून सांगायचं, तरच त्याला घरभाडे भत्ता. आम्ही सगळे परभणीत राहायचो आणि रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाऊन तेवढंच परत यायचो. याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात. मुलगी द्यायला आलेला माणूससुद्धा आधी विचारतो, "पोरगा मुक्कामी ऱ्हातो का अप-डाऊन करतो?" अप-डाऊन म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, कारण पोरगी शहरात राहणार हे नक्की होतं.

ज्या दिवशी हा ठराव झाला त्या दिवशी मी ग्रामसभेत हजर होतो. मारुतीच्या पारावर अकरा माणसं जमली होती, त्यातली चार सावलीसाठी बसलेली. ग्रामसेवकाने ठराव वाचला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळेना. कदम सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं अनुमोदन."

"सर, तुमाला कसं देता येईल? अनुमोदन गावातल्या माणसानं द्यावं लागतंय."

"मंग मी कुठला हाय?" सर म्हणाले. "आत्ताच वाचलं न्हवं तुमी, सहकुटुंब वास्तव्यास हाय म्हणून?"

ग्रामसेवकाने थोडा विचार केला आणि त्यांचं नाव लिहून घेतलं. कदम सर असे होते. खोट्या कागदालासुद्धा ते खऱ्या कागदाइतकाच मान द्यायचे.

उंच, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेन, त्यातलं एक लाल. भूगोल शिकवायचे आणि मनापासून शिकवायचे, पण त्यांच्या भूगोलाला एक विचित्र खोड होती. नकाशात कुठेही बोट ठेवलं की आधी विचारायचे, "इथून दवाखाना किती लांब?" ध्रुव प्रदेशातला माणूस बर्फाच्या घरात राहतो असं पुस्तकात होतं. सर पोरांना विचारायचे, "त्याच्या पोटात दुखायला लागलं तर त्यानं कुठं जावं?" पोरं खिडकीबाहेर बघत राहायची. वाळवंट, सदाहरित अरण्य, पठार, सगळीकडे हाच प्रश्न. मला सुरुवातीला वाटायचं ही त्यांची गंमत आहे. ती गंमत नव्हती, हे पुढे कळलं.

आमची गाडी रफिकभाईंची होती. सात जणांच्या गाडीत आम्ही आठ आणि नववे रफिकभाई. सकाळी सव्वाआठला परभणीहून निघायची, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी बोरखेडीहून परत. कदम सर सव्वीस वर्षं अप-डाऊन करत होते. आधी एसटी, मग काळीपिवळी, मग ही गाडी. कुठल्या वळणावर ऊन कुठल्या खिडकीतून येतं, कुठल्या हॉटेलात चहा उकळून कडू झालेला असतो, हे त्यांना पाठ होतं. वह्या ते गाडीतच तपासायचे. त्यामुळे कोणती वही रस्त्याच्या कोणत्या तुकड्यावर तपासली हे पोरांना लाल पेनावरून कळायचं. वालूरच्या अलीकडे रस्ता फार वाईट होता. तिथे तपासलेल्या वहीत बरोबरची खूण पार शेजारच्या उत्तरावर जायची. एकदा आठवीतली एक मुलगी धीटपणे टेबलाजवळ आली. "सर, माझी वही खड्ड्यात तपासली तुमी. एक मार्क वाढवा." सरांनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि मुकाट्याने वाढवला.

कोणत्याही प्रश्नावर त्यांचं एकच वाक्य असायचं, "मांडून बघू." मग जो कागद हाताला लागेल, अगदी खिचडीच्या रजिस्टरचं मागचं पान का असेना, त्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी. घर कुठे करावं हा त्यांचा आवडता विषय. डावीकडे शहरातला फ्लॅट, उजवीकडे शहराबाहेरचं घर. नळ, शाळा, शेजार, डास, साप, चोर, भाजी, पेट्रोल, वारा. त्यांच्या मांडणीवरून शाळेतल्या पाच जणांनी घरं केली. त्यातला एक मी. त्यांनी मला गावाबाहेर प्लॉट घ्यायला लावला आणि आजपर्यंत त्याचा पस्तावा झालेला नाही. दुसऱ्याची मांडणी असली की सर पाच मिनिटांत निकाल द्यायचे. स्वतःची असली की दोन्ही बाजू नेमक्या सारख्या भरायच्या आणि कागद घडी होऊन खिशात जायचा.

सरांचा फ्लॅट परभणीत दवाखान्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक गॅलरी. समोरच एक मोठा दवाखाना, इतका समोर की त्यांच्या गॅलरीत उभं राहिलं तर तिथल्या वॉर्डातलं सलाईन दिसायचं. पाहुणे आले की सर त्यांना गॅलरीत नेऊन दवाखाना दाखवायचे. दुसरे लोक घरातून डोंगर दिसतो, नदी दिसते म्हणून दाखवतात, तसे.

त्या गॅलरीत रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असायचे. ते वहिनींचे. कौशल्यावहिनी शेतकऱ्याची लेक, माहेरी दारात गाई, दारात विहीर. मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून परभणीत आल्या, मुलगा शिकला, नोकरीला पुण्याला गेला, आणि वहिनी तिसऱ्या मजल्यावर राहिल्या. डब्यांत मेथी, कोथिंबीर, मिरची. एका डब्यात वांगं. पहिलं वांगं लागलं तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून त्याची भाजी खाऊ घातली होती. आठ माणसांत एक वांगं.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या होत्या, "मला काय बंगला नको. चार पायऱ्या उतरलं की पायाला माती लागावी. बस. एकोणीस वर्सं झाली, हे मांडून बघायलेत."

सर बघत होते हे खरं. दर रविवारी सकाळी ते प्लॉट बघायला जायचे. परभणीच्या चारी बाजूंना जिथे म्हणून चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या, तिथे कदम सर पोहोचले नाहीत असं झालं नाही. स्कूटरला घडीची खुर्ची बांधलेली. प्लॉटवर गेले की खुर्ची उघडायची, मधोमध मांडायची आणि तासभर बसायचं. वारा कुठून येतो ते पाहायचं. शेजारचा माणूस बायकोशी कसा बोलतो ते ऐकायचं. मग शेवटची परीक्षा. सर घड्याळ काढायचे, शहरात ओळखीच्या ऑटोवाल्याला फोन करायचे आणि म्हणायचे, "पेशंट हाय. जल्दी ये." ऑटो आली की त्यात स्वतः बसून थेट दवाखान्यापर्यंत जायचे. दारात उतरून घड्याळ बघायचे, भाडं द्यायचे आणि त्याच ऑटोने स्कूटर घ्यायला परत प्लॉटवर. कुठे बावीस मिनिटं लागली, कुठे अठ्ठावीस. सरांचं तोंड उतरायचं. एका दलालाने तर हात जोडले. म्हणाला, "सर, लोक प्लॉट घेताना जगायचं बघतेत हो."

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होतो. परत येताना रेल्वे फाटक लागलं. सर स्कूटर बंद करून उभे राहिले आणि म्हणाले, "माझा बाप इथंच गेला."

मग त्यांनीच सांगितलं. मूळ गाव वालूरच्या पलीकडे. सकाळी रानात बापाच्या छातीत कळ आली. गावात दवाखाना नाही. जीप शोधायला वेळ गेला. कशीबशी जीप मिळाली, परभणी गाठली, आणि या फाटकावर मालगाडी उभी होती. पुढे जाईना आणि मागे सरकेना. "पलीकडं दवाखान्याचा बोर्ड दिसत होता, सर. अक्षरं वाचता येत होती. बापाचं डोकं माझ्या मांडीवर." मालगाडी गेली, फाटक उघडलं, तोवर झालं होतं. "तवाच ठरवलं. रात्री झोपायचं ते दवाखान्याच्या दारात. नोकरी कुठंबी असू द्या." फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि सरांनी स्कूटरला किक मारली.

एवढं सगळं असून बोरखेडीत सरांची खोली होती. खोली आम्हा सगळ्यांचीच असायची, कागदाला पत्ता लागतो म्हणून. पण आमच्या खोल्यांना नुसती कुलपं होती. सरांची खोली राहती वाटायची. पारूबाई नावाच्या म्हातारीच्या वाड्याच्या टोकाला, पत्र्याची, पुढे ऐसपैस अंगण. दारावर पाटी, दाराशी चपलेचा एक जुना जोड, दोरीवर एक शर्ट. तो शर्ट सर पंधरा दिवसांनी बदलायचे. "एकच शर्ट दिसला तर लोक काय म्हणतील, सर धूत न्हाईत?" पारूबाईला बजावून ठेवलेलं होतं की कुणी विचारलं तर सर आत्ताच बाहेर गेले म्हणायचं.

आणि एकदा खरंच कुणीतरी विचारलं. सकाळी सात वाजता तपासणीला एक साहेब हजर. नवीन होते, तरुण होते, त्यामुळे नियम वाचून आले होते. आमची कुलपं बघत बघत ते कदम सरांच्या खोलीशी आले. शर्ट पाहिला, चप्पल पाहिली, थोडे खूश झाले.

"कदम सर कुठे आहेत?"

"रानात गेलेत," पारूबाई म्हणाली.

"कोणत्या रानात?"

"आता ते मी बाईमाणसानं कसं इचारावं, सायेब? टमरेल घेऊन गेलेत."

साहेब समजले आणि ओट्यावर बसले. अर्धा तास झाला. तास झाला. "एवढा वेळ?" त्यांनी विचारलं. पारूबाईने चेहरा पाडला. "कालपासून पोट बिघडलंय त्यांचं. लय बेजार हायेत."

तोवर कुणीतरी सरांना फोन केला होता. रफिकभाईंनी त्या दिवशी गाडी अशी हाणली की आमची आतडी गळ्याशी आली. "सर, पकडके बैठो," एवढंच ते मधूनमधून म्हणत होते. गावाच्या मागच्या बाजूला, तुरीच्या रानाशी सर उतरले. एका गड्याकडून टमरेल मागून घेतलं आणि बांधाबांधाने निघाले. इस्त्रीची पॅन्ट, पॉलिश केलेले बूट, खिशाला तीन पेन आणि हातात टमरेल. अंगणात पोहोचले तेव्हा साहेब उठून उभे राहिले.

आठ दिवसांनी आम्हा सात जणांना मुख्यालयी राहत नसल्याबद्दल नोटिसा आल्या. कदम सरांना वेगळी नोटीस आली. बोरखेडी हे गाव हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झालं होतं, वेशीवर तशी कमान होती. "आपण मुख्यालयी वास्तव्यास असताना हागणदारीमुक्त गावात उघड्यावर शौचास जाताना आढळून आला आहात. सबब खुलासा सादर करावा." आम्ही हसून लोळलो. सर हसले नाहीत. त्यांनी ती नोटीस दोनदा वाचली आणि परभणीत जाऊन लॅमिनेट करून आणली. आपण मुख्यालयी राहतो हे सरकारने लिहून दिलंय, ते म्हणाले, गावाच्या ठरावापेक्षा हा कागद वजनदार आहे. खुलाशात त्यांनी चूक कबूल केली. ती त्यांनी केलेलीच नव्हती, म्हणून ते लिहिताना त्यांना जरा वाईट वाटलं.

मग वरून नवा हुकूम आला. रोज सकाळी सातच्या आत मुख्यालयातल्या राहत्या घरासमोर उभं राहून फोटो काढायचा आणि पाठवायचा. फोटोत जागा आपोआप उमटणार. आता शर्ट कामाचा नव्हता. काही दिवस आम्ही अंधारात निघून, डोळे चोळत आपापल्या कुलपांपुढे उभे राहिलो. सगळ्यांचे फोटो पकडून आणलेल्या चोरांसारखे यायचे. सरांची सेवा आठ महिने उरली होती. त्यांचे गुडघे बोलायला लागले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हुकूम असा किती दिवस टिकंल? आठ दिवस. तवर जाऊ, ऱ्हाऊ खोलीवर. मी येते संगं."

एक गॅस, दोन गाद्या, चार भांडी घेऊन दोघं बोरखेडीत आले. हुकूम खरोखर आठ दिवसांत थंडावला. कुणाच्या तरी फोनात कसलीतरी अडचण आली, मग सगळ्यांच्याच आली. नवव्या दिवशी सर संध्याकाळी बॅग घेऊन गाडीत बसले आणि वहिनींची वाट पाहू लागले. वहिनी अंगणात उकिडव्या बसून काहीतरी पेरत होत्या.

"चल की," सर म्हणाले.

"तुमी जावा. मी हाय हितंच."

"किती दिवस?"

"मेथी निघूस्तोर."

मेथी निघाली. मग गवार लावली. मग दोडक्याचा वेल पत्र्यावर चढला आणि तो सोडून जाणं काही शक्य नव्हतं. गॅलरीतले डबे रफिकभाईंच्या गाडीच्या टपावरून एकेक करून बोरखेडीत आले. पारूबाईला बोलायला माणूस मिळालं. वहिनी इतकं मोठ्याने हसतात हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आणि कदम सर रोज सकाळी परभणीहून निघून, पाऊण-एक तास धक्के खाऊन, स्वतःच्या बायकोच्या घरी चहाला येऊ लागले. पारूबाई त्यांना खाट टाकून द्यायची. "या पाव्हणं, बसा," म्हणायची. दुपारचा डबा बंद झाला, मधल्या सुट्टीत सर घरी जेवून येत. पाच दहाला रफिकभाई गाडी अंगणापुढे उभी करायचे आणि आम्हा सात जणांसमोर रोज तेच बोलणं व्हायचं.

"चलतीस का?"

"तुमी ऱ्हाता का?"

"बघू."

"बघा मंग."

गाडी निघाली की सर म्हणायचे, "ठराव अर्धा खरा झाला आमचा." आम्ही हसायचो. ते खिडकीतून मागे बघत राहायचे. एकदा मी वहिनींना विचारलं, की इतकी वर्षं एकत्र काढली, आता या वयात हे काय? त्या दोडके तोडत होत्या. "भाऊजी, ह्यांनी मरायची सोय बघितली. चांगली बघितली, मी नाव ठेवत न्हाई. सासऱ्याचं मला ठावं हाय. पण मला अजून जगायचंय, त्याची सोय कोण बघावं?" मला त्या दिवशी सरांचा राग आला होता.

सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. आता हे बोरखेडीत येतील की वहिनी परभणीत जातील यावर गाडीत पैजा लागल्या. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला सर नेहमीच्या जागी उभे. खिशाला तीन पेन. रफिकभाई म्हणाले, "सर, आप तो रिटायर होगये ना?"

"नोकरीतून झालो. अप-डाऊनमधून कुठं झालो?" सर म्हणाले आणि आत बसले.

असे ते रोज येऊ लागले. सकाळी यायचे, दिवसभर अंगणात वेलांना काठ्या लावायचे, पाच दहाला परत. एका पगारदार माणसानेही जितकी नियमित केली नसती तितकी ती ये-जा त्यांनी बिनपगारी केली. फ्लॅट बंद राहिला तर नळाला गंज चढतो. पेपरवाला रोज पेपर टाकतो. बीपीची गोळी तिथल्याच दुकानात मिळते. कारणं रोज नवी. खरं कारण गाडीत मला एकट्याला माहीत होतं, आणि फाटकावरून गाडी जाताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

एका सकाळी ते गाडीत बसले तेव्हा चेहरा उतरलेला होता. आदल्या दिवशी रविवार. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि छातीत कळ आली. बापासारखीच. सर सांगू लागले.

"गॅलरीत आलो. दवाखाना समोर हाय. वॉर्डबॉय दात घासायलाय ते दिसायलंय. पण पाय लटलटायलेत. खाली कसं जावं? शेजारचं दार वाजवलं, त्यांना कुलूप. वरच्या मजल्यावर कोण ऱ्हातंय मला माहीतच न्हाई. पायरीवर बसलो आन एकेक पायरी बसून सरकत उतरलो. लेकरासारखं." त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं. "चाळीस मिनिटं लागली. चाळीस! त्या जिंतूर रोडच्या प्लॉटवरून बावीस लागली होती."

डॉक्टरांनी तपासलं. गॅस निघाला. गोळी देऊन घरी पाठवलं. आम्ही सुटलो, हसलो, कुणीतरी वांग्याची भाजी बंद करा म्हणालं. सरही हसले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "दवाखाना होता हो, सर. माणूस न्हवतं." वहिनींना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. रफिकभाईंनी त्याच दिवशी दुपारी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी त्यावर सरांना एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच महिन्यात माझी बदली झाली, देवगाव फाट्याच्या पुढच्या शाळेत. बोरखेडीतला शेवटचा दिवस. शाळेतून निरोप घेतला, पोरांनी फुलं दिली. सरांचा निरोप गाडीतच घेऊ, परभणीपर्यंत बरोबर आहोतच, असं मी धरून चाललो होतो. सव्वीस वर्षांत त्यांची गाडी कधी चुकली नव्हती.

पाच दहाला रफिकभाईंनी गाडी अंगणापुढे उभी केली. सर अंगणाच्या दाराशी दिसले नाहीत. रफिकभाईंचा हात हॉर्नकडे गेला, तेवढ्यात वहिनी घाईघाईने बाहेर आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी उतरलो. दोडक्याच्या मांडवाखाली खाटेवर कदम सर झोपले होते. एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड थोडं उघडं. छाती संथपणे वरखाली होत होती. शर्टाच्या खिशात एकही पेन नव्हतं. आजवर मी त्यांना गाडीत पेंगताना पाहिलं होतं, झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं. सरांनी सकाळी बरोबर आणलेल्या बॅगेतले कपडे वहिनींनी काढून आत फळीवर लावलेले दारातून दिसत होते.

"वहिनी, मी आज शेवटचा. उद्यापासून तिकडं जायचंय. सरांना भेटलो असतो," मी म्हणालो.

वहिनींनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरलेले होते.

"भाऊजी, तुमच्या पाया पडते," त्या कुजबुजल्या. "पुन्यांदा कवाबी या, जेवायला या, ऱ्हायला या. पण आज ह्यांला उठवू नका."

मी गाडीत येऊन बसलो. रफिकभाईंनी गाडी बंदच ठेवली, आम्ही दोघा-तिघांनी उतरून ती उतारापर्यंत ढकलत नेली आणि शाळेच्या पलीकडे गेल्यावर सुरू केली.